डिजिटल मार्गजाळ्याच्या माहितीची गुणवत्ता : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात एक समीक्षा

प्रस्तावना :

माणूस कोठून कोठे जातो, कशाने जातो, किती वेळात पोहोचतो आणि कोठे पोहोचू शकत नाही, हा भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य या विद्याशाखांचा समान अभ्यासविषय आहे. पूर्वी या अभ्यासासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे, सार्वजनिक बांधकाम विभागाचे रस्ते नकाशे आणि प्रत्यक्ष क्षेत्रभेट एवढीच साधने अभ्यासकाच्या हाती होती. गेल्या दोन दशकांत ही परिस्थिती पालटली आहे. आज संगणकावर मोजक्या आज्ञा दिल्या असता संपूर्ण जिल्ह्याचे मार्गजाळे उतरवून घेता येते आणि प्रत्येक गावापासून जवळच्या दवाखान्यापर्यंतचे अंतर काही मिनिटांत काढता येते.

या सुलभतेमुळे संशोधनाला वेग आला हे निर्विवाद आहे. तथापि माहिती सहज मिळते म्हणून ती विश्वसनीय ठरत नाही. अशा अभ्यासांच्या आधारे शाळांचे समायोजन, आरोग्य केंद्रांची जागा, रुग्णवाहिकेचा तळ यांसारखे निर्णय घेतले जाऊ शकतात. माहितीतील चूक तेव्हा कागदावर राहत नाही. ती कोणाच्या तरी पायपिटीत उतरते. म्हणून मार्गजाळ्याच्या माहितीची गुणवत्ता हा केवळ तांत्रिक प्रश्न मानता येत नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, डिजिटल मार्गजाळ्याच्या गुणवत्तेचे प्रचलित निकष स्पष्ट करणे. दुसरे, सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या भौगोलिक वास्तवावर ते निकष कितपत पुरे पडतात हे तपासणे. तिसरे, महाविद्यालयीन पातळीवर शक्य होईल अशी पडताळणीची रीत सुचविणे. लेखाची पद्धती वर्णनात्मक व समीक्षात्मक असून मांडणी प्रकाशित संशोधन, शासकीय धोरणे आणि दोन्ही जिल्ह्यांची ज्ञात भौगोलिक वैशिष्ट्ये यांवर आधारलेली आहे.

हे दोन जिल्हे निवडण्यास कारण आहे. २०११ च्या जनगणनेनुसार साताऱ्याची लोकसंख्या ३० लाखांहून थोडी अधिक, तर सांगलीची २८ लाखांहून अधिक होती. पश्चिमेस महाबळेश्वरला वर्षाकाठी सुमारे ६००० मि.मी. पाऊस पडतो आणि पूर्वेस माण, आटपाडी, जत हे तालुके ५०० मि.मी. च्या आसपास पावसावर गुजराण करतात. मधल्या कृष्णाकाठी ऊस, साखर कारखाने आणि दाट वस्तीची गावे आहेत. घाट, नदीकाठ आणि माळरान ही तीन निरनिराळी वास्तवे दोनच जिल्ह्यांत एकत्र आल्यामुळे माहितीच्या गुणवत्तेची कसोटी येथे चांगली लागते.

माहितीचे प्रमुख स्रोत :

आज सर्वाधिक वापरला जाणारा मुक्त स्रोत म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप होय. २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पात जगभरातील स्वयंसेवक रस्ते, पूल व वस्त्या नोंदवितात. मायकेल गुडचाइल्ड या भूगोलतज्ज्ञाने २००७ मध्ये अशा माहितीला 'स्वेच्छेने दिलेली भौगोलिक माहिती' ही संज्ञा दिली. पुढे उपग्रहचित्रांवरून रेषा काढण्याची सोय झाली आणि २०१९ नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेने ओळखलेले रस्तेही तपासून घेऊन त्यात समाविष्ट होऊ लागले.

दुसरा स्रोत शासकीय आहे. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेची भौगोलिक माहिती २०२२ मध्ये केंद्र शासनाने सर्वांसाठी खुली केली. त्याआधी फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांना नकाशांकनासाठी पूर्वपरवानगीची अट शिथिल केली होती. तिसरा स्रोत सार्वजनिक वाहतुकीच्या वेळापत्रकांचा. २००५ साली अमेरिकेतील पोर्टलंड शहरात गूगलच्या सहकार्याने तयार झालेला आणि पुढे जीटीएफएस या नावाने रूढ झालेला नमुना त्यासाठी जगभर वापरला जातो. दिल्लीने २०१८ मध्ये आपल्या बसगाड्यांची माहिती याच नमुन्यात खुली केली.

गुणवत्तेचे निकष आणि त्यांच्या मर्यादा :

आयएसओ १९१५७ या आंतरराष्ट्रीय मानकाने भौगोलिक माहितीच्या गुणवत्तेचे घटक निश्चित केले आहेत. परिपूर्णता, तार्किक सुसंगती, स्थानाची अचूकता, गुणधर्मांची अचूकता व कालिक गुणवत्ता हे त्यांपैकी मुख्य होत. मात्र बहुतेक अभ्यासांत यांतील पहिला आणि तिसरा एवढेच घटक मोजले जातात, कारण ते मोजावयास सोपे आहेत. मुकी हॅकले यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्लंडमधील ओपनस्ट्रीटमॅपची तुलना तेथील शासकीय नकाशांशी केली आणि स्थानातील सरासरी फरक सुमारे ६ मीटर असल्याचे दाखविले. पुढे हा आकडा माहितीच्या विश्वसनीयतेचा दाखला म्हणून वारंवार दिला गेला. त्याच अभ्यासाने गरीब वस्त्यांची नोंद संपन्न वस्त्यांपेक्षा अपुरी असल्याचे दाखविले होते, त्याचा उल्लेख मात्र क्वचित होतो.

२०१७ मध्ये बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल यांनी जगाच्या रस्त्यांपैकी सुमारे ८३ टक्के रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवर आल्याचा अंदाज मांडला. या अभ्यासातील दुसरे निरीक्षण येथे अधिक महत्त्वाचे आहे. दाट शहरे आणि अत्यंत विरळ प्रदेश यांची नोंद चांगली, तर मध्यम घनतेच्या प्रदेशांची नोंद तुलनेने कमी असते. कृष्णाकाठ व त्याच्या दोन्ही बाजूंचा ग्रामीण भाग याच मधल्या वर्गात मोडतो. तेव्हा जागतिक सरासरीचा हवाला देऊन वाळवा किंवा खटाव तालुक्याविषयी निष्कर्ष काढणे शास्त्रशुद्ध ठरत नाही.

१) परिपूर्णता : कोणता रस्ता 'रस्ता' मानावा?

१९४३ च्या नागपूर योजनेपासून चालत आलेल्या आपल्या वर्गीकरणात राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग अशी उतरंड आहे. डिजिटल जाळ्यात वरचे तीन वर्ग सहसा पूर्ण असतात. प्रश्न त्याखालच्या थराचा आहे. गाव नकाशावर दाखविलेला गाडीरस्ता, पाणंद, शिवरस्ता आणि पाऊलवाट यांना कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार बांधावरून जाण्याचा हक्क मागता येतो आणि वहिवाटीचा रस्ता अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली दाद मागता येते. तरीही या वाटा डिजिटल जाळ्यात तुटक स्वरूपात येतात. सह्याद्रीतील झाडीखालची वाट उपग्रहचित्रात दिसत नाही आणि उसाच्या फडांमधील पाणंद शेताचा बांध म्हणून सुटून जाते.

गळीत हंगामात फडापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा उसाचा प्रवास याच पाणंदींवरून होतो. वाडीवरचे मूल शाळेला याच वाटेने जाते. माण, खटाव व जत भागांतील मेंढपाळ कुटुंबांचे हंगामी स्थलांतर तर बऱ्याच अंशी डांबरी रस्त्याच्या बाहेरच घडते. मोटारीच्या प्रवासासाठी पूर्ण असलेले जाळे पायी चालणाऱ्यासाठी अपूर्ण असू शकते. म्हणून 'परिपूर्णता किती टक्के?' हा प्रश्न 'कोणाच्या प्रवासासाठी?' हे ठरविल्याशिवाय अर्थपूर्ण होत नाही.

२) तार्किक सुसंगती : तुटलेली जोडणी आणि गळालेली गावे

नकाशावर एकमेकांना छेदणाऱ्या दोन रेषांना सामाईक बिंदू नसेल, तर संगणकाच्या दृष्टीने ते रस्ते जोडलेले नसतात. उलट पुलावरचा आणि पुलाखालचा रस्ता चुकून जोडला गेल्यास नसलेला मार्ग निर्माण होतो. दिशेची नोंदही तितकीच महत्त्वाची आहे. खंबाटकी येथे अनेक वर्षे पुण्याकडून येणारी वाहने घाट चढून आणि साताऱ्याकडून जाणारी वाहने बोगद्यातून जात असत. येथे एकेरी वाहतुकीची नोंद चुकल्यास दोन्ही दिशांचा प्रवासवेळ चुकतो. नव्या जुळ्या बोगद्यांच्या कामामुळे अशा नोंदी वेळोवेळी तपासणे आवश्यक झाले आहे.

याहून गंभीर बाब कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या परिसरात दिसते. तापोळा, बामणोली आणि पलीकडील कांदाटी खोऱ्यातील गावांचा संपर्क दीर्घकाळ लाँच व तराफा यांवर अवलंबून राहिला आहे. जलमार्गाची नोंद जाळ्यात नसेल, तर ही गावे मुख्य जाळ्यापासून अलग पडतात. मार्गजाळ्याच्या विश्लेषणासाठी वापरले जाणारे ओएसएमएनएक्स हे २०१७ पासूनचे लोकप्रिय साधन वेगळी सूचना न दिल्यास सर्वांत मोठा सलग भाग ठेवते आणि उर्वरित भाग वगळते. त्यामुळे सर्वांत दुर्गम गावे निष्कर्षात 'दुर्गम' म्हणूनही उरत नाहीत. ती गणनेतूनच गळतात. जिल्ह्याची सरासरी त्यामुळे सुधारलेली दिसते.

दुसरी चूक याच्या उलट असते. गावाचा बिंदू जवळच्या रस्त्याला जोडताना संगणक सरळ रेषेतील अंतर पाहतो. सर्वांत जवळचा रस्ता नदीच्या किंवा जलाशयाच्या पैलतीरावर असल्यास गाव पाण्यावरून पलीकडे जोडले जाते आणि तासाभराचा वळसा एका क्षणात नाहीसा होतो.

३) गुणधर्मांची अचूकता : वर्ग, वेग आणि नावे

प्रवासवेळ काढण्यासाठी अभ्यासक रस्त्याच्या वर्गावरून वेग गृहीत धरतात. परंतु वर्ग ही प्रशासकीय बाब आहे, वेग ही प्रत्यक्षातील बाब आहे. गुहागर-विजयपूर हा राष्ट्रीय महामार्ग १६६-ई चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून पाटण, कराड, विटा असा जतकडे जातो. घाटातील वळणे आणि विट्यापुढील माळ यांचा वर्ग एकच आहे. वेग एक असू शकत नाही. उदाहरणादाखल, १२ कि.मी. च्या घाटाला ताशी ५० कि.मी. वेग गृहीत धरला तर सुमारे १४ मिनिटे लागतात. प्रत्यक्ष वेग २० कि.मी. असेल तर ३६ मिनिटे. शिवाय वेग निम्म्यावर आला की ठरावीक वेळात गाठता येणारे अंतर निम्मे होते, पण व्यापता येणारे क्षेत्र जवळजवळ एक चतुर्थांश होते. रुग्णवाहिकेचे सेवाक्षेत्र ठरविताना ही चूक किती महाग पडू शकते हे वेगळे सांगावयास नको.

नावांचा प्रश्नही दुय्यम नाही. २०१० च्या फेरक्रमांकनाने राष्ट्रीय महामार्ग ४ चा पुणे-सातारा-बंगळूर भाग ४८ झाला. २०२५ मध्ये इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय झाला. जुन्या सारण्या व नवे नकाशे जोडताना असे बदल ध्यानात न घेतल्यास एकाच ठिकाणाच्या दोन नोंदी होतात किंवा नोंद जुळतच नाही. जत तालुक्याच्या सीमावर्ती भागात मराठी व कन्नड या दोन्ही भाषांतील गावनावे प्रचलित असल्याने ही अडचण वाढते.

४) कालिक गुणवत्ता : ऋतूंनुसार बदलणारे जाळे

डिजिटल जाळे बारमाही एकसारखे गृहीत धरले जाते. या दोन जिल्ह्यांत ते तसे नसते. आषाढी वारीच्या काळात लोणंद, तरडगाव, फलटण या पालखीमार्गावरील वाहतूक वळविली जाते. हा बदल ठरावीक आणि अपेक्षित असतो. पुराचे तसे नाही. सांगलीत १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट रोजी ग्रामस्थांना बाहेर नेणारी बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या आणि रस्ते बंद झाल्याने मदतकार्यात अडथळे आले.

या घटनांच्या दिवशीही डिजिटल जाळ्यातील रेषा जशाच्या तशा होत्या. कोणता फरशी पूल किती फुटांवर पाण्याखाली जातो, ही माहिती कृष्णाकाठच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ असते. जाळ्यात मात्र पुलाची नोंद असली तरी त्याची उंची सहसा नसते. संकटकाळी माणसे कोठून बाहेर पडू शकतील याचा अभ्यास अशा माहितीवर करणे म्हणजे कोरड्या दिवसाच्या नकाशावर पुराचे उत्तर शोधणे होय.

५) वाहतूक सेवा : रस्ता आहे, गाडी आहे काय?

रस्त्याचे अस्तित्व आणि प्रवासाची सोय या भिन्न गोष्टी आहेत. १ जून १९४८ रोजी पहिली गाडी धावल्यापासून एस.टी. हा ग्रामीण महाराष्ट्राच्या प्रवासाचा कणा राहिला आहे. आगाराच्या वेळापत्रकात गाडी सुटण्याची वेळ असते. वाटेतील प्रत्येक फाट्यावरची वेळ प्रवाशांच्या अनुभवात असते. जीटीएफएसच्या नमुन्याला मात्र थाब्यांचे निश्चित स्थान आणि वेळा लागतात. विनंती थांबा, मुक्कामी गाडी, शाळेच्या सुट्टीत बंद होणारी फेरी यांना त्यात आपोआप जागा मिळत नाही. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंतच्या संपकाळात तर वेळापत्रक आणि वास्तव यांची पूर्ण फारकत झाली होती. मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळाल्यानंतर प्रवासाचा खर्च बदलला, पण रस्त्यांच्या जाळ्यात खर्चाला स्थानच नसते.

याखेरीज या भागात वडाप आहे. जीप किंवा तत्सम वाहन माणसांनी भरले की सुटते. त्याला वेळापत्रक नाही आणि म्हणून डिजिटल नोंदही नाही. बाजाराच्या दिवशी अनेक वाड्यांचा तालुक्याशी संबंध वडापवरच टिकतो. नैरोबी शहरातील मटाटू गाड्यांबाबतही हीच स्थिती होती. तेथील विद्यापीठाने परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याने विद्यार्थ्यांकडून भ्रमणध्वनीद्वारे मार्ग नोंदवून घेतले आणि २०१४ मध्ये ते जीटीएफएसच्या नमुन्यात प्रसिद्ध केले. अनौपचारिक वाहतूक नोंदविता येत नाही, हा समज त्यामुळे दूर झाला.

६) अभ्यासक्षेत्राची सीमा :

जिल्ह्याचे जाळे उतरवून घेताना ते जिल्ह्याच्या सीमेवर कापले जाते. माणसांचा प्रवास तेथे थांबत नाही. जत तालुक्याच्या पूर्व भागातील गावांचा विजयपूर व अथणीशी, तर मिरजेच्या रुग्णालयांचा कर्नाटकातील रुग्णांशी जुना संबंध आहे. सीमेवर कापलेल्या जाळ्यात अशा गावांची सुलभता प्रत्यक्षापेक्षा कमी आणि रुग्णालयांवरील भारही प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. पाटण आणि चिपळूण यांच्या बाबतीतही हाच विचार करावा लागतो.

चर्चा :

वरील विवेचनातून एक समान सूत्र हाती येते. माहितीतील चुका सर्वत्र सारख्या विखुरलेल्या नसतात. त्या डोंगरातील वाडी, जलाशयापलीकडील गाव, पूररेषेतील वस्ती आणि सीमेवरचा माळ येथे साठतात. चुका विखुरलेल्या असत्या तर मोठ्या नमुन्यात त्या परस्परांना काही अंशी छेद देऊन गेल्या असत्या. येथे तसे घडत नाही. ज्यांच्या गैरसोयीचा शोध घ्यावयाचा, त्यांच्याच बाबतीत माहिती सर्वांत दुबळी असते. म्हणून जिल्ह्यासाठी गुणवत्तेचा एकच आकडा देण्याची प्रथा अपुरी नव्हे, दिशाभूल करणारी ठरते.

शिक्षणाच्या क्षेत्रात याचा प्रत्यय येऊ शकतो. राज्यात पहिली ते पाचवीसाठी १ कि.मी. आणि सहावी ते आठवीसाठी ३ कि.मी. अंतरात शाळा असावी असा निकष आहे. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समायोजनाचा निर्णय झाला तेव्हा अंतराचा प्रश्न ऐरणीवर आला होता. जावळी किंवा पाटण तालुक्यात सरळ रेषेतील १ कि.मी. मध्ये एखादी दरी किंवा पावसाळी ओढा असू शकतो. रेषा नकाशावर लहान असली तरी सहा वर्षांच्या मुलासाठी ती लहान नसते.

या समीक्षेचा अर्थ मुक्त माहिती टाकाऊ आहे असा मुळीच नाही. ओपनस्ट्रीटमॅपवरील प्रत्येक बदलाचा इतिहास जतन होतो आणि चूक आढळल्यास कोणालाही ती दुरुस्त करता येते. हा गुण छापील नकाशात नव्हता. शासकीय माहितीही निर्दोष मानता येत नाही, कारण योजनेच्या दप्तरी नोंदलेला रस्ता आणि पावसाळ्यानंतर उरलेला रस्ता यांत अंतर पडू शकते. म्हणून एका स्रोताला प्रमाण मानून दुसऱ्याचे मोजमाप करण्यापेक्षा दोहोंना क्षेत्रभेटीच्या कसोटीवर लावणे उचित होय.

सूचना :

१. पडताळणीसाठी गावे निवडताना घाट, नदीकाठ व अवर्षणप्रवण भाग असे तीन स्तर करून प्रत्येकातून गावे घ्यावीत आणि गुणवत्तेचे निष्कर्ष स्तरनिहाय द्यावेत.

२. जाळ्यातून वगळल्या गेलेल्या अलग भागांची व त्यांतील गावांची यादी प्रत्येक शोधनिबंधात द्यावी.

३. घाटातील वेग एस.टी. च्या प्रत्यक्ष प्रवासवेळेशी ताडून पाहावा.

४. नदीकाठच्या पुलांसाठी 'किती फुटांवर बंद' ही नोंद ग्रामस्थ व पाटबंधारे विभाग यांच्या साहाय्याने तयार करावी.

५. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिरांत विद्यार्थ्यांकडून पाणंदी, पाऊलवाटा, विनंती थांबे व वडापचे मार्ग नोंदवून घ्यावेत.

६. जाळे उतरवून घेताना जिल्हासीमेबाहेरील लगतचा पट्टा समाविष्ट करावा.

७. माहिती कोणत्या दिनांकाची आहे याचा स्पष्ट उल्लेख करावा.

निष्कर्ष :

डिजिटल मार्गजाळ्याची गुणवत्ता ही माहितीच्या अंगी असलेली स्थिर बाब नसून, ती अभ्यासाच्या हेतूशी निगडित आहे. पुणे-बंगळूर महामार्गावरील मालवाहतुकीच्या अभ्यासास जे जाळे पुरेसे आहे, तेच कांदाटी खोऱ्यातील गरोदर स्त्रीच्या प्रवासाच्या अभ्यासास अपुरे ठरते. स्थानाची अचूकता काही मीटरपर्यंत आली म्हणून जोडणी, ऋतुमान, सेवा आणि सीमा यांचे प्रश्न सुटत नाहीत. सातारा व सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांजवळ या उणिवा भरून काढण्याचे मनुष्यबळ आहे. त्यांचे विद्यार्थी याच वाटांनी रोज ये-जा करतात. त्यांच्या ज्ञानाची पद्धतशीर नोंद झाल्यास या भागाचे मार्गजाळे अधिक विश्वसनीय होईल आणि त्यावर आधारलेले निर्णयही अधिक न्याय्य होतील.